खारोड्यांची रील आणि आत्याबाईंचं बोलणं

मैत्रिणींनो, सकाळपासून कामात लक्षच लागत नाही, म्हणून लिहिते.

मानवतला आमचा खारोड्या-कुरडयांचा छोटासा घरगुती धंदा आहे. काल मी सासूबाईंची, म्हणजे आमच्या आत्याबाईंची, रील टाकली. बाजरीची खारोडी हातात धरून त्या म्हणाल्या होत्या, "लय खुसखुशीत हाय बगा. दात न्हाईत, तरी खायलेय मी."

आज सकाळी बघते तर रील कुठल्या कुठे पोचलेली! व्हॉट्सॲपवर ऑर्डरी सुरू झाल्या. पण कमेंटमध्ये नुसतं हसणं. एकाने तर त्यांचा आवाज लावून नकलेची रीलच टाकली.

मी रील काढून टाकायला निघाले, तर नवरा म्हणाला, "राहू दे की. लोक हसले तर हसले. फुकटात जाहिरात व्हायलीय."

ते सासूबाईंनी ऐकलं. "लोक खारोडीला हसायलेत, का माझ्या बोलन्याला?"

मला खोटं बोलवेना. "बोलण्याला, आत्याबाई."

"मंग खारोडी चांगलीच हाय म्हना," एवढं बोलून त्या गच्चीवर वाळवण बघायला गेल्या. मला जरा हायसं वाटलं.

दुपारी नवीन रीलसाठी मोबाइल धरला. त्यांनी पदर सारखा केला आणि एकेक शब्द जपत म्हणाल्या, "ह्या खारोड्या... फार खुसखुशीत... आहेत." मग माझ्याकडे बघितलं, बरोबर आलं का म्हणून.

मी मोबाइल खाली ठेवला. रेकॉर्डिंग झालंच नाही, असं सांगितलं.

ऑर्डरी अजून यायल्यात. पहिली रील ठेवू का काढू? आणि आत्याबाईंना परत त्यांच्यासारखं बोलायला कसं सांगू?