उस्तादांचं बर्फाचं फावडं

कुठलंही यंत्र समोर आलं की ते आधी त्यावर तळहात ठेवायचे. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. डोळे बारीक करून थोडा वेळ उभे राहायचे आणि म्हणायचे, "आधी हात लावून बघू."

अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या आमच्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये ते मेंटेनन्सचे फोरमन होते. मूळचे इचलकरंजीचे, शिक्षण सातवी पास, आणि अख्खं वर्कशॉप त्यांना उस्ताद म्हणायचं. कुणी धावत येऊन सांगायचं, "उस्ताद, कंप्रेसर खलास!" ते हातातला चहा संपवून शांतपणे म्हणायचे, "खलास नहीं हुआ. रुका है." आणि बहुतेक वेळा ते खरंच नुसतं थांबलेलं असायचं. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. यंत्र बिघडलं म्हणून तो कधी चिडत नाही, फक्त त्याची विचारपूस करतो.

मी तिथे ड्राफ्ट्समन होतो. नव्वद-ब्याण्णवचा सुमार. कंपनीने आम्हाला गावाच्या कडेला एका कंपाउंडमध्ये बैठी घरं दिली होती. पलीकडे मोकळी वाळू. वारा सुटला की ती न विचारता आत यायची.

उस्तादांची बायको, म्हणजे आमच्या काकू, तिकडे गावी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. इथे नोकरी नव्हती म्हणून त्यांनी कंपाउंडातल्या मराठी पोरांचा शुक्रवारचा वर्ग काढला. कोपऱ्यात एक कडुनिंब होता. त्याखाली दोन बाकं, एक फळा आणि आठ-नऊ पोरं. काकू मराठीत विचारायच्या, पोरं इंग्रजीत उत्तरं द्यायची. काकू तेच उत्तर मराठीत म्हणायला लावायच्या. तास तसाच जायचा.

मग एका उन्हाळ्यात काकूंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डावी बाजू गेली. चाकाची खुर्ची आली. बोलणंही जड झालं. बाकी अक्षरं हळूहळू परत आली, 'ळ' मात्र आला नाही. वाळूला त्या 'वालू' म्हणू लागल्या.

ऑक्टोबरात हवा निवळली तशी त्यांनी वर्ग पुन्हा सुरू करायचं ठरवलं. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, पोरं घरी येतील, तुम्ही हॉलमध्येच शिकवा. काकू म्हणाल्या, "घरात बसून शिकवलं तर मी आजारी. झाडाखाली बसले तर बाई."



घरापासून झाडापर्यंत तीस-पस्तीस पावलांची फरसबंद वाट होती. पण वाऱ्यानंतर तिच्यावर वाळूचे ढीग बसत आणि खुर्चीची पुढची लहान चाकं त्यात रुतत. पहिल्याच शुक्रवारी उस्तादांनी फावडं घेतलं. त्यांच्या मणक्यातली गादी पूर्वीच सरकलेली होती, डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती. दहा-बारा फावडी मारली आणि ते तिथेच बसले. पुढचे दोन आठवडे नवरा पलंगावर आणि बायको खुर्चीत.

मी म्हटलं, "उस्ताद, आम्ही करतो ना साफ. त्यात काय एवढं?"

"एक शुक्रवार करशील. दोन करशील. तिसऱ्याला तुला ड्युटी लागेल आणि ही खिडकीत बसून तुझी वाट बघेल. नको."

त्यांची मुलगी कॅनडात होती. आईला बघायला आली तेव्हा वाटेचं हे रामायण ऐकून सहज बोलून गेली, "आमच्याकडे दारातला बर्फ काढायला विजेचं फावडं मिळतं, बाबा. इतकं हलकं, की मी बाळाला कडेवर घेऊन एका हाताने चालवते."

उस्तादांनी मान वर केली. "वाकावं लागतं?"

"नाही. उभ्यानं ढकलायचं. पण बाबा, ते बर्फासाठी आहे. वाळू नाही उचलणार."

"तू पाठव. आधी हात लावून बघू."

तोवर वर्ग बंदच राहिला. पुढच्या सप्टेंबरात खोका आला. तो सोडवायला अबुधाबी विमानतळाच्या कार्गोत मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. बाहेर बेचाळीस डिग्री. कस्टमचा तरुण अधिकारी खोक्यावरचं चित्र बघत राहिला. चित्रात टोपी-मफलर घातलेली बाई पांढरा बर्फ उडवत होती. त्याने खिडकीबाहेर पाहिलं, मग उस्तादांकडे.

"हबीबी, स्नो वेन?"

बर्फ कुठे आहे, असं तो विचारत होता. उस्तादांनी गंभीरपणे आकाशाकडे बोट केलं. "इन्शाल्ला."

अधिकारी इतका हसला की शेजारच्या टेबलावरचे दोघं उठून आले. शिक्का मात्र लगेच बसला.

तिकडची वीज एकशेदहा व्होल्टची, इथली दोनशेचाळीस. म्हणून वर्कशॉपमधला साइटवर वापरायचा पिवळा ट्रान्सफॉर्मर आला, लांब वायर आली आणि शुक्रवारी सकाळी सगळं कंपाउंड बघायला जमलं. काकू दारात खुर्चीत. यंत्र म्हणजे दांड्याला लावलेला लहानसा डबा, त्यात गरगर फिरणारं पातं. उस्तादांनी त्यावर हात ठेवला, कानोसा घेतला आणि बटण दाबलं.

बर्फ पुढे उडतो आणि पडतो. कोरडी वाळू पुढे उडते आणि वाऱ्याबरोबर परत येते. मिनिटभरात कुणाला कुणी दिसेना. शेजारच्या घरात केरळची एक नर्स राहायची, तिला आम्ही सिस्टर म्हणायचो. तिचे चार पांढरेशुभ्र युनिफॉर्म दोरीवर वाळत होते. तिने मल्याळममध्ये जे सुरू केलं त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. धुरळा खाली बसला तेव्हा मधोमध उस्ताद उभे होते. भुवया, मिशा, कान, सगळं पिवळं. हळद लागलेल्या नवरदेवासारखे.

काकू हसू लागल्या. झटक्यानंतर पहिल्यांदा. तोंड एका बाजूला ओढलं जात होतं तरी त्या हसत राहिल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सिस्टर ओरडायची थांबली. उस्ताद आपले हातात बंद फावडं धरून काकूंकडे बघत उभे.

"ठेवायचं हे मशीन," ते मला म्हणाले. "चालो न चालो."

पण ते चालायलाच हवं होतं. महिनाभर त्यांनी त्याच्यावर डोकं लावलं. ट्रकच्या चाकामागचं रबर कापून पुढे पडदा लावला, त्यामुळे वाळू उंच न उडता खालून बाजूला पडू लागली. बेअरिंगवर जुन्या चामड्याची टोपी बसवली. सगळ्यात मोठा शोध म्हणजे पाणी. वायर जोडण्याआधी झारीने वाळूवर हलका शिडकावा करायचा. ओलसर वाळू बर्फासारखी वागते, असा त्यांचा निष्कर्ष. बर्फ त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता, पण हे ते अगदी खात्रीने सांगायचे.

तेव्हापासून दर शुक्रवारी सकाळी सात वाजता ते दोरीवरचे कपडे आत घ्यायची सूचना मल्याळममध्ये ओरडून द्यायचे. वाक्य सिस्टरनेच पाठ करून घेतलं होतं. मग एका हातात दांडा, दुसरा हात कमरेवर, सरळ ताठ, राजासारखे वाट साफ करत झाडापर्यंत जायचे. परत येऊन काकूंना घेऊन जायचे. वर्ग चालू असताना झाडामागे वायर गुंडाळत उभे राहायचे. बाकावर कधी बसले नाहीत.

एकदा एका पोरीने काकूंना अडवलं, "आजी, इट्स नॉट वालू. यू ओन्ली टोल्ड अस."

"बरोबर," काकू म्हणाल्या. "आता तू मला शिकव."

मग सगळ्या पोरांनी जीभ उलटी वळवून त्यांना 'ळ' शिकवायचा कार्यक्रम सुरू केला. तो कितीतरी शुक्रवार चालला. थंडी संपता संपता एका सकाळी कुणाला तरी हाक मारताना काकू म्हणाल्या, "अगं बाळ, इकडे ये." पोरांच्या लक्षातही आलं नाही. झाडामागे मात्र वायर गुंडाळणारे हात थांबले होते.

दोनेक वर्षं यंत्राने चांगली साथ दिली. मग एकदा सलग तीन दिवस वादळ झालं. शुक्रवारी वाट दिसतच नव्हती, घोटाभर वाळू. उस्तादांनी निम्मी वाट काढली आणि मोटारीतून धूर आला. त्यांनी हात ठेवला, पटकन मागे घेतला. हात भाजला होता. ते पायरीवर बसले आणि त्यांच्या तोंडून मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला.

"खलास."

आत काकू साडी नेसून तयार होत्या. झाडाखाली पोरं आलेली. तेवढ्यात सिस्टर चप्पल घालून बाहेर आली. काही न विचारता तिने खुर्ची दाराबाहेर काढली, उलटी फिरवली, मागे झुकवून मोठ्या दोन चाकांवर घेतली आणि पाठमोरी चालत ओढू लागली. लहान चाकं वाळूला टेकलीच नाहीत. खुर्ची नांगरासारखी दोन रेघा ओढत निघाली.

काकूंचं तोंड घराकडे होतं. "अहो, तुम्ही या की समोरून. मला मागचं दिसत नाही. खड्डा आला तर सांगा."

उस्ताद उठले. वाळूत पाय रोवत काकूंच्या समोरून चालू लागले. पस्तीस पावलं ते दोघं एकमेकांकडे बघत गेले. खड्डा एकही नव्हता, तरी ते दोनदा "जपून" म्हणाले.

झाडाखाली पोचल्यावर त्यांनी विचारलं, "सिस्टर, ये पहले क्यूँ नहीं बताया?"

"आपने पूछा किधर?" सिस्टर म्हणाली. "आप तो मशीन में खुश था."

मला वाटलं, आता फावडं माळ्यावर जाणार. पण आठवड्याभरात त्यांनी मोटारीची जळलेली तार नव्याने गुंडाळून आणली. मी विचारलं तर म्हणाले, "वारा नसेल तेव्हा मशीन. वादळात सिस्टर." मदत मागायची सवयही त्यांना हळूहळू लागली. अधूनमधून मलाही बोलावू लागले. मी दोन हातांनी खुर्ची ओढायचो आणि ते समोरून सूचना द्यायचे.

साठी झाली आणि त्यांनी गावी परतायचं ठरवलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. जायच्या दिवशी शुक्रवारच होता, विमान दुपारचं. सकाळी वर्ग भरला. काकूंनी धडा घेतला नाही. म्हणाल्या, "आज हे लिहितील. तुम्ही उतरवून घ्या."

उस्ताद आधी नाही नाही म्हणाले. मग खडू घेतला आणि फळ्यावर इचलकरंजीचा पत्ता लिहिला. मशीनच्या पेट्यांवर नंबर रंगवावेत तशी मोठी, सरळ, सुटी अक्षरं. लिहून झाल्यावर काय करावं ते कळेना म्हणून पोरांच्या शेजारी बाकावर बसले, गुडघे छातीशी घेऊन. पोरं वह्यांत उतरवत होती. एकाने विचारलं, "आजोबा, व्हॉट इज पिन कोड?" त्यांनी तो पुन्हा उठून लिहिला.

कंपनीची पिकअप दोघांना घेऊन गेली.

संध्याकाळी मी झाडाकडे गेलो. पत्ता फळ्यावर तसाच होता. माझ्या डायरीत तो बऱ्याच वर्षांपासून होता. तरी मी घरी जाऊन पेन आणलं आणि त्यांच्या अक्षरातून तो पुन्हा उतरवून घेतला.