नळदुर्गच्या रस्त्यावरची भाकरी

"काच वर करा!"

गाडीत पाऊल टाकलं की साहेबांचं पहिलं वाक्य हे. 'या' नाही, 'बसा' नाही. ते सोलापुरात आमच्या शेजारी राहत, एका गिरणीत मोठ्या हुद्द्यावर होते. गल्लीत चारचाकी त्यांचीच, आणि गल्लीचा तिटकारा ते लपवतही नसत. असा एखादा शेजारी तुम्हीही पाहिला असेल. आम्हाला त्यांचा मनापासून राग यायचा.

तरी रविवारी त्यांच्या पत्नीला सोबत म्हणून मी जायची. वहिनींना नळदुर्गचा जुना रस्ता फार आवडे. दुतर्फा वड नि कडुलिंब, मध्येच निजामाच्या वेळचा पडका जकात नाका. त्या बघत राहायच्या. साहेब म्हणायचे, "झाडंच आहेत. त्यात बघायचं काय?"

दुष्काळाच्या वर्षी तिथं खडी फोडायचं काम निघालं. त्या रविवारी बायका कडेला भाकरी खायला बसल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "जरा सावकाश." साहेबांनी वेग वाढवला. मागे नुसता धुरळा.

पुढे रस्ता खोदलेला निघाला. परत फिरावं लागलं. तोवर बायकांनी वाटेत दगड रचले होते.

साहेब गाडीतूनच ओरडले, "दगड काढा! एकेकीला कामावरून काढायला लावीन!"

एक म्हातारी पुढे आली. "काडा की. समद्या भाकरीत माती गेली. आता पोरींनी काय खायाचं?"

"गाडी अंगावर घालीन!"

"घाला."

कुणी हलेना. मग दार उघडलं. वहिनी उतरल्या, म्हातारीशेजारी मातीतच बसल्या, तिच्या फडक्यातला तुकडा उचलून खाऊ लागल्या. दाताखाली कचकच वाजलेली मला ऐकू आली.

"गाडीत बस!"

"तुम्ही जा. मी एस्टीनं येते."

मीही उतरले. बायकांनी दगड बाजूला केले. साहेब पुन्हा तशीच धूळ उडवत गेले.

"असल्यासंगं कसं नांदतीस गं बाई?" म्हातारीनं विचारलं. वहिनी घास चावत राहिल्या.

त्यानंतर त्या गाडीत वहिनी बसल्या नाहीत. घरात दोघांचं बोलणं वाढण्याजेवण्यापुरतं. साहेब तर माझ्या सावलीलाही उभे राहत नसत.

पुढे त्यांना परगावच्या गिरणीत नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी वहिनींनी टांगा बोलावला. त्या रेल्वेनं जाणार, साहेब गाडीनं. आम्ही दारात उभ्या होतो. साहेबांना खरं तर उलट्या दिशेला, गावाबाहेर पडायचं होतं. टांगा रमतगमत स्टेशनकडे निघाला आणि त्याच्या मागोमाग, तेवढ्याच चालीनं, साहेबांची गाडी वळली.