‘दुसरी पाळी’ची खटखट

बँड बंद पडून आता इतकी वर्षं झाली, की आमची गाणी आम्हालाही सलग म्हणता येत नाहीत. किस्से मात्र वाढतच चाललेत. आम्ही तिघं भेटलो की एक जण सुरुवात करतो, दुसरा त्यात एखादं वाक्य घालतो आणि तिसरा म्हणतो, "असं नव्हतंच ते." मग किस्सा पुन्हा पहिल्यापासून. त्यातले ज्यांवर तिघांचं एकमत आहे तेवढे सांगतो.

तिघं म्हणजे भास्कर, सुनंदाताई आणि मी. नव्वदच्या दशकातलं सुरत. भास्करचं लिंबायतमध्ये रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, आणि कीबोर्ड त्याचा. सुनंदाताई मराठी शाळेत शिकवायच्या, आवाज त्यांचा. मी बँकेत क्लार्क. गाणी लिहायचो आणि ऑक्टोपॅड बडवायचो. बँडचं नाव ‘इलेक्ट्रिक बाराखडी’. ते सुनंदाताईंनी सुचवलं, हे तुम्ही ओळखलंच असेल.

पहिली कॅसेट लग्नातल्या नाचगाण्यांची होती. खानदेशी वस्त्यांतून ती बरी वाजली. दुसरीच्या वेळी भास्कर म्हणाला, "आपल्या लोकांचा ताल आता ढोलकीत नाही राहिला रे. लूममध्ये आहे." आणि त्यानं कापडाच्या लूमची, म्हणजे यंत्रमागाची, खटखट रेकॉर्ड करून सगळ्या गाण्यांखाली ताल म्हणून घातली. कॅसेटला नाव दिलं ‘दुसरी पाळी’.

*

पहिल्याच आठवड्यात जयंतीभाई भास्करच्या दुकानात हजर. ते कॅसेटी विकायचे.

"भास्करभाई, माल खराब छे. चार गिऱ्हाइकं परत आली. बाईचा आवाज सारू छे, पण मागे खटखट येते."

"ती मुद्दाम घातलीय, जयंतीभाई."

"मुद्दाम?"

"हो."

"सुरतमां खटखट कमी पडली?"

बिचाऱ्यांनी स्वतःच्या टेपचं हेड तीनदा स्पिरिटनं पुसून पाहिलं होतं. पण माणूस भला. कॅसेटी परत केल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानात पाटी लागली : ‘खटखट ओरिजिनल छे.’

*

मग आलं परीक्षण. आमच्या मराठी मंडळाचं एक छोटं मासिक निघायचं. त्यात संगीतावर लिहायचे देव सर, निवृत्त संगीतशिक्षक. त्यांनी लिहिलं, ‘गायिकेचा गळा गोड आहे. मात्र ती कारखान्यात उभी राहून का गाते, हे शेवटपर्यंत कळत नाही.’

आम्ही हसलो. सुनंदाताई हसल्या नाहीत. त्यांनी पंधरा दिवस तालमीला येणंच बंद केलं. लहानपणी त्या गाणं शिकल्या होत्या ते देव सरांसारख्याच एका शिक्षकांकडे. ते वाक्य त्यांना लागलं होतं.

शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्या थेट सरांच्या घरी गेल्या. घर पहिल्या मजल्यावर, आणि खाली लूमचं खातं. म्हणजे पन्नास लूम एका छपराखाली. सरांनी चहा केला, कॅसेट लावली आणि म्हणाले, "हे बघा, आत्ता. ऐका किती गोंगाट आहे."

सुनंदाताईंनी उठून टेप बंद केला. खटखट चालूच.

सरांनी टेपकडे पाहिलं, मग खाली जमिनीकडे. म्हणाले, "बाई, मी इथे अकरा वर्षं राहतो. ही गेल्यापासून घरात कुणी गायलं नाही, त्यामुळे मला हा आवाज ऐकू यायचाच बंद झाला होता. तुमच्या गाण्यामुळे परत यायला लागला." मग त्यांनी विचारलं, "टेपशिवाय म्हणाल का एखादं?"

ताई गायल्या. खाली लूम चालू होते. सर टेबलावर बोटांनी ठेका धरून बसले होते.

पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती छापून आली : ‘गेल्या परीक्षणात उल्लेखलेला गोंगाट काही अंशी आमच्या घराचा होता. गायिकेची क्षमा मागतो.’ ताईंनी ते कात्रण शाळेतल्या टेबलावर काचेखाली लावलं होतं.

*

सुरतजवळच्या भेस्तानला गणपतीत कार्यक्रम होता. संध्याकाळची वेळ, समोर बहुतेक लूमवरचे कारागीरच, आंघोळी करून, भांग पाडून आलेले. पहिलं गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या रांगेतला एक माणूस उठून उभा राहिला. हात जोडून म्हणाला, "भाऊ, बारा तास हेच ऐकतो. सुट्टीच्या दिवशी तरी सोडा."

कुणी हसलं नाही. भास्करनं मान हलवली आणि लूमचा टेप बंद केला. ताईंनी नुसत्या कीबोर्डवर गाणं म्हटलं. दोन कडवी झाली. लोक चुळबुळायला लागले. एकानं मागे वळून पाहिलं, कुणी घड्याळ बघितलं.

तोच माणूस पुन्हा उठला. जरा ओशाळून म्हणाला, "लाइट जाऊन लूम थांबल्यासारखं वाटतंय हो. लावा ते."

*

शब्द माझे होते, पण त्यांच्याबद्दल कुणीच काही बोलत नव्हतं. अखेर खानदेशातल्या शिंदखेड्याजवळच्या एका गावातून पोस्टकार्ड आलं. एका बाईंनी लिहिलं होतं, की त्यांची मुलगी लूमच्या शेजारच्या खोलीत जन्मली, आता गावी आणली तर झोपतच नाही. पाहुण्यांनी तुमची कॅसेट लावली तेव्हा झोपली. पण गाणं संपून दुसरं सुरू झालं की दचकते. तरी बिगर गाण्याची कॅसेट मिळेल का?

"तुझ्या शब्दांचं परीक्षण आलं," भास्कर म्हणाला.

त्यानं एका कोऱ्या कॅसेटीवर दोन्ही बाजूंना नुसता लूम भरला. ताईंना राहवलं नाही. अगदी शेवटी त्यांनी हलकेच गुणगुणून घेतलं, शब्दांविना. पाकिटावर पत्ता मी लिहिला. माझं तेवढंच काम होतं.

*

आता बापूंचं सांगतो. बापू म्हणजे भास्करचे वडील. सगळं आयुष्य लूमवर गेलं आणि त्या आवाजानं कानही गेले. भास्कर सोळाव्या वर्षी त्यांच्या शेजारी लूमवर उभा राहिला होता. त्याच्या हातून सारखे धागे तुटायचे. वर्षभर बघून बापू अहिराणीत म्हणाले, "तुना हात नही बसना, पोऱ्या." आणि त्याला रेडिओ दुरुस्तीला घातलं. भास्कर त्यावर कधी वाईट बोलला नाही. पण आपलं एकही गाणं त्यानं बापूंसमोर वाजवलं नव्हतं. "त्यांना ऐकू येत नाही, कशाला उगाच," एवढंच म्हणायचा.

आमचा लूम रेकॉर्ड झाला होता बापूंच्याच जुन्या खात्यात. शेठनं जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास दिला होता. कारागीर डबे खायला बाहेर गेलेले, म्हणून भास्कर स्वतःच लूमवर उभा राहिला आणि मी माइक धरला. अर्ध्या तासात एकही धागा तुटला नाही.

एका रविवारी दुपारी भास्करच्या घरी आम्ही कॅसेट ऐकत बसलो होतो. तेवढ्यात बापू बाहेरून आले आणि मोठ्या स्पीकरला पाठ टेकून बसले. बसले आणि ताठ झाले. वळून त्यांनी स्पीकरच्या लाकडी पेटीवर तळहात ठेवला. डोळे मिटले. दुसऱ्या हातानं खूण केली, वाढव.

भास्करनं आवाज वाढवला.

"हाऊ आपला खाताना लूम शे," बापू म्हणाले. आपल्याच खात्यातला.

भास्करनं मान डोलावली.

"कोन चालाडी ऱ्हायना?"

कोण चालवतंय, ते विचारत होते. भास्कर खाली टेपकडे बघत राहिला. बापूंनी तळहात काढला नाही. गाणं संपेपर्यंत तसेच बसून राहिले. मग बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात मला म्हणाले, "हात चांगला शे त्याना."

भास्करनं कॅसेट उलटली आणि दुसरी बाजू लावली.