फुवांच्या हातची धार

तुपाच्या धारेवर इतकी हुकमत असलेला माणूस आमच्या फुवांखेरीज अख्ख्या खानदेशात झाला नसेल. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, राहणार अमळनेरजवळच्या एका खेड्यात. लग्न कुणाचंही असो, वरण-बट्टीच्या पंगतीत तूप वाढायचं ते फुवांनीच. त्यांच्या हाती तपेली आली की घरधनी निश्चिंत होई. माझा हात म्हणजे तागडी, असं ते चारचौघांत सांगत आणि आत्या पदराआड हसे.

एका लग्नात उष्ट्या पत्रावळी उचलायला माणसं कमी पडली, म्हणून फुवा स्वतः वाकले. पाहतात तो वरच्या टोकाला, जिथे कोट-पगड्या बसल्या होत्या, तिथल्या पत्रावळींवर तूप थिजून पडलेलं; आणि खालच्या टोकाला, जिथे शेतावर राबणारे सालदार बसले होते, तिथली पानं चाटूनपुसून कोरडी. "मी तं बठ्ठासले सारखंच वाढं व्हतं," एवढंच ते म्हणाले आणि मांडवाच्या खांबाला टेकून बसले. जाणूनबुजून हात आखडला असता तर त्यांनी स्वतःला एकवेळ माफही केलं असतं. पण हात आपला, आणि तो परस्पर माणसं निवडतो, हे त्यांना फार लागलं.

तेव्हापासून फुवा खाली मान घालून वाढू लागले. फेटा भुवयांपर्यंत ओढायचा, दिसेल ती पत्रावळ, तोंड म्हणून पाहायचं नाही. मग काय विचारता! उठून गेलेल्याच्या पानावर तूप, नवरदेवाच्या मांडीवर तूप. कचेरीतले शिरस्तेदार आणि त्यांचा पट्टेवाला यांना एकसारखी धार मिळाली, तेव्हा शिरस्तेदारांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. फुवांना तो दिसलाच नाही.

धुळ्याला त्यांचा धाकटा भाऊ राहत असे. शेताच्या वाटणीवरून दोघांचं बोलणं कधीचं तुटलं होतं. चुलत्याच्या घरच्या लग्नाला तो आला आणि गुपचूप पंगतीच्या शेवटी बसला. फुवा तूप घेऊन पोचले, तेव्हा त्याने पत्रावळीवर हात आडवा धरला. थोरल्याने थांबावं, वर पाहावं, एवढंच त्याला हवं होतं. पण पंगतीत हात आडवा आला की पुरे, असाच त्याचा अर्थ. फुवा पुढे सरकले.

आत्याने बायकांच्या बाजूने सगळं पाहिलं. ती मध्ये येईपर्यंत तो निघालाही होता. "तुमना भाऊ उपाशीच उठी गया," ती म्हणाली. फुवा हातातल्या तपेलीसकट वेशीपर्यंत धावले, पण गाडी दिसेनाशी झाली होती. धुळ्याला जाऊन त्याला भेटायचं आज-उद्या करता करता राहिलं, आणि तापाच्या साथीत तो गेला.

मग मात्र फुवांनी मान वर केली. समोर पगडी असो की फाटकी बंडी, प्रत्येक पानापुढे ते उकिडवे बसत, तोंडाकडे नीट पाहत, आणि मगच धार धरत. तूप निवे, मागची पंगत खोळंबे, जेवणं उरकता उरकता दिवेलागण होई. जाणती माणसं त्यांच्याकडून तपेली काढून घ्यायला बघत. ते देत नसत. कुणी हात आडवा धरला, तर तो हात आपल्या हातात घेऊन हळूच विचारत, "नको शे, का रुसना शे, भाऊ?" लोक हसत, खरंच नको म्हणत. तरी फुवा त्या तोंडाकडे जरा वेळ पाहत राहत, आणि मग पुढच्या पानाकडे जात.