पाणी नाही, पेज

कुणावरही विश्वास न ठेवण्याची परीक्षा असती, तर आमच्या दवाखान्याचे कंपाउंडर तिच्यात पहिले आले असते आणि निकालाच्या कागदावरही त्यांनी विश्वास ठेवला नसता. संशयी मीही आहे. लोकांचा ऊस तोडता तोडता मुकादम झालो, ते कुणाच्या गोड बोलण्यावर भाळून नाही. पण या गृहस्थांपुढे मी म्हणजे भोळा सांब. थर्मामीटर ते दोनदा लावत; पहिल्यांदा तो खोटं बोलतो म्हणत. सायकलला कुलूप, कुलपाला साखळी आणि साखळीवर नजर. घरी चहा दिला तर म्हणत, "मुकादम, आधी तुमी घ्या." तेही इतक्या अदबीनं, की चिडावं की पाया पडावं ते कळू नये.

वाटूरच्या शिवारात ऊसतोडीला किनवटकडच्या डोंगरातली माझी टोळी उतरली, की तिसऱ्या दिवशी हे हजर. नसबंदीच्या केसा शोधतायत, असं मला वाटे. दिवसच आणीबाणीचे होते. टोळीलाही तेच वाटे. सायकल दिसली की बाप्ये उसात पसार. हे मात्र माझ्यावरच डोळा ठेवून. टोळीच्या कोपीत, त्या पाचटाच्या खोपटात, शिरले की आधी रांजणात नाक.

"कुठलं पाणी?"

"विहिरीचं."

"बिलकुल न्हाई. विहिरीच्या पाण्याला बेडकाचा वास येत नसतो."

पाटाचंच होतं. विहीर मळ्याच्या मालकाची, आणि त्याच्याशी कोण भांडणार? तेव्हापासून ते मला चारचौघांत 'पाटाचे मुकादम' म्हणू लागले. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

एके दिवशी टोळीतल्या एका म्हातारीच्या नातवाला जुलाब लागले. दुपारपर्यंत पोराचे डोळे खोल गेले, रडणंही थांबलं. त्यांच्यात जुलाब लागले की पाणी तोडतात. पाणी पाजलं तर लेकरू वाहून जातं, असा समज. "पाणी पाज, म्हातारे!" मी ओरडलो. तिनं तांब्या मांडीखाली घातला.

कंपाउंडर आले. आता सुई निघणार आणि बोंबाबोंब होणार, म्हणून मी बाह्या सावरल्या. ते मातीत मांडी घालून बसले.

"आजी, पाणी तोडलं?"

"तोडलं."

"बराबर केलं."

मी त्यांच्या अंगावर धावूनच जाणार होतो.

"जेवण बी तोडता का?"

"जेवण कशाला तोडू? पर ह्ये खातंय कुठं?"

"आजाऱ्याला काय देता तुमच्याकडं?"

"पेज. चिमूटभर मीठ घालून."

"पातळ?"

"पातळच असती."

"मंग पेज म्हंजे पाणीच की, आजी."

"पाणी कसं?" म्हातारी उसळली. "पेज म्हंजे जेवण!"

"चुकलो. मंग घाला जेवू."

म्हातारी चुलीकडं वळली. आपण कुठंतरी फसलो, हे तिला कळलं. कुठं, ते कळेना. जन्मभर सौदे केले मी, पण समोरच्याच्या तोंडून आपला भाव वदवून घेणारा माणूस पहिल्यांदा बघितला. पेज झाली, तेव्हा म्हातारीनं वाटी त्यांच्यापुढं धरली. "आधी तुमी प्या." मी तोंड फिरवून हसलो. कंपाउंडर मुकाट्यानं प्याले.

मग चमच्याचमच्यानं पोराच्या पोटात पेज जात राहिली. दिवस मावळायला पोर उसातून परतलेल्या आईच्या मांडीवर मुतलं आणि मोठ्यानं रडलं. कंपाउंडरांनी पँट झटकली. "मुकादम, आता विहीर." मी जाऊन मालकाशी असा भांडलो, की सारा मळा गोळा झाला, पण विहिरीचं पाणी मिळवलंच.

पुढच्या हंगामाआधी त्यांची बदली झाली. मी टोळी ठरवायला डोंगरात गेलो, तर म्हातारी दारात उभी, कडेवर नातू.

"पेजवाले हायत का तिथं?"

हाय म्हटलं असतं तर टोळी माझी होती. सौद्यात खोटं बोलायला मी आयुष्यात कधी कचरलो नाही. पण पोर माझ्याकडं बघून हसलं.

"न्हाई. बदली झाली त्यांची."

"मंग औंदा न्हाई येत आमी."

इतकी कष्टाळू टोळी या माणसानं माझ्या हातून घालवली. परतीच्या वाटेवर मी त्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. गावात आल्यावर घरी न जाता आधी दवाखान्यात गेलो. नवे कंपाउंडर भले वाटले, खुर्चीसुद्धा दिली. त्यांना विचारलं, "साहेब, पेज म्हंजे पाणी का जेवण?"

ते म्हणाले, "गोळ्या देतो ना."