बारकी बॅटरी

गळलेल्या सेलचा उग्र वास आला, की कागलच्या कारखान्यात रात्रपाळीला सायकलनं जाणारे माझे वडील आठवतात. मी नववीत असताना त्यांच्यासाठी बॅटरी घ्यायला आम्ही दोघं बाजारात गेलो. दुकानदारानं मागच्या अंधाऱ्या बोळात दोन बॅटऱ्या लावून दाखवल्या. महाग बॅटरीचा झोत थेट टोकाच्या भिंतीवर पडला, स्वस्तातलीचा निम्म्यातच विरला. “तू सांग, कुठली घिऊ?” वडिलांनी विचारलं. स्वस्तातली घेतली तर मला नव्या चपला मिळणार होत्या. “बारकी बास हाय की,” मी म्हणाले, आणि त्यांनी तीच घेतली. पंधरा दिवसांनी उसानं भरलेली, बिनदिव्याची ट्रॉली रस्त्यात उभी होती. ती त्यांना फार उशिरा दिसली. ते जागीच गेले. आई अजून त्या ट्रॉलीवाल्याला शिव्या घालते. मी शेजारी बसून ऐकते, आणि तिला काहीच सांगत नाही.