रायफल निर्दोष आहे

पोपट हवालदाराचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. बासष्टी उलटली, फौज सुटून वीस वर्षं झाली, तरी चौक गावच्या बाजारात वांगी घेताना हा माणूस एकेक वांगं उजेडाकडे धरून बघायचा. भाजीवाली वैतागून म्हणायची, "दादा, वांगी हायेत ती, बंदुका नाय." फौजेत तो आर्मरर होता, म्हणजे बंदुकांचा वैद्य. खालापूरजवळच्या एका रायफल क्लबात आता तेच काम करायचा. पत्र्याची शेड, एक बाक, बाकाला ठोकलेला व्हाइस, म्हणजे लोखंडी शिकंजा, आणि खिळ्याला लटकवलेला लाल चिठ्ठ्यांचा जुडगा, एवढा त्याचा संसार. ज्या रायफलीची शंका येईल तिला पोपट लाल चिठ्ठी बांधी. ती सुटेपर्यंत त्या रायफलीला हात लावायची सेक्रेटरीचीसुद्धा छाती होत नसे. आजवर त्याची एक चिठ्ठी खोटी निघाली नव्हती. याचा त्याला अभिमान होता. अभिमान कसला, माजच म्हणा.

राज्याच्या संघाची निवड चाचणी याच क्लबात, रविवारी व्हायची होती. बुधवारी दुपारी समीक्षा रायफल घेऊन शेडमध्ये आली. खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या राजेशची ही मुलगी, एकोणीस वर्षांची. पोटावर पडून पन्नास मीटरवर नेम धरावा तो हिनंच. तिनं बाकावर कागद ठेवला. दहापैकी सात गोळ्या रुपयाच्या नाण्याआड झाकतील अशा बसल्या होत्या. उरलेल्या तीन भलतीकडेच, खाली डावीकडे गेल्या होत्या.

"काका, बंदूक बिघडलीय. बघा ना."

"बघतो गं. आदी मला काय नको सांगू."

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा पोपटचा शिरस्ता. दोन गोष्टी बदलल्या तर दोष पळून जातो आणि नंतर गळा धरतो, असं तो म्हणायचा. त्यानं लाकडी दस्त्याचे स्क्रू तपासले, घट्ट होते. नेम धरायची मागची साइट हलवून पाहिली, हलली नाही. नळी साफ केली, नळीचं तोंड भिंगाखाली धरलं, कुठं ओरखडा नव्हता. गोळ्यांचे तीन वेगवेगळे लॉट झाडून बघितले. शेवटी रायफल व्हाइसमध्ये जखडली आणि दहा गोळ्या सोडल्या. कागदावर एकच भोक पडलं.

रायफल स्वच्छ निघाली की एरवी तो खूश व्हायचा. त्या दिवशी मात्र त्यानं रायफल सोडून पोरीकडे बघितलं.

"परत झोप बगू. मार दहा."

समीक्षा चटईवर पालथी पडली, डाव्या दंडाला रायफल बांधणारा पट्टा ताणून घेतला. पोपट शेजारी गुडघे टेकून नळीच्या टोकाकडे बघत राहिला. पट्ट्यातून नाडी रायफलीत उतरते, हे प्रत्येक नेमबाजाला माहीत असतं. टोक अगदी केसभर उडत होतं, एका लयीत. मग ते थांबलं. मग एकदम जोरात उडालं, आणि नेमकी तेव्हाच गोळी सुटली. खाली, डावीकडे.

त्यानं तिचं मनगट धरलं. चार ठोके नीट, पाचवा गायब, सहावा दाणकन.

"जिना चढताना धाप लागते का गं?"

"लागते थोडी. पाय पण सुजतात कधीकधी." मग तिला त्याचा चेहरा दिसला. "काका, बाबांना नका सांगू. चार दिवसांचा तर प्रश्न हाय. दोन वर्षं घासलीयेत मी याच्यासाठी."

पोपटला चांगो आठवला. कर्जतकडचा, त्याच्याच पलटणीतला, पलटणीच्या नेमबाजी संघातला. त्याच्याही गोळ्या अशाच भरकटायला लागल्या होत्या. पोपटनं रायफल व्हाइसमध्ये लावली, वहीत 'रायफल निर्दोष' असं लिहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "चांगो, दोष तुज्यात हाय. पळायला लाग." चांगोला ते झोंबलं. तो रोज पहाटे पळायला लागला. अकराव्या दिवशी मैदानातच पडला तो उठला नाही. हृदयाची झडप निकामी होती, असं मागून कळलं. पोपटनं जे लिहिलं होतं त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि त्या खऱ्या शब्दांनीच माणूस गेला. तेव्हापासून 'दोष तुझ्यात आहे' हे वाक्य त्याच्या तोंडून कुणासाठीच निघालं नव्हतं. त्या दिवशीही निघेना.

त्यानं खिळ्यावरून लाल चिठ्ठी काढली आणि त्या निर्दोष रायफलीला बांधली. क्लबच्या वहीतही 'नळी खराब' अशी नोंद केली.

"नळी गेलीय," तो म्हणाला. "रविवारी नाय चालायची."

समीक्षानं चिठ्ठी उलटून बघितली. मग निघून गेली. पोपटला वाटलं, सुटलो. चाचणी टळली, आता सोमवारी राजेशला सुट्टी असते, तेव्हा घरी जाऊन सगळं नीट सांगू.

घरी आनंदीबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी तव्यावर टाकता टाकता म्हणाल्या, "तुमी बंदुकीला घरी बसवलंत. पोरीला कुनी बसवलं?" पोपट चिडला. पण जेवण काही गेलं नाही.

रविवारी सकाळी तपासणीच्या टेबलावर समीक्षानं रायफल ठेवली. मैत्रिणीची मागून आणलेली. मागे राजेश उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. पोपटनं स्क्रू पाहिले, साइट पाहिली, नळी पाहिली. दोष सापडेना. सापडावा म्हणून तो देवाला विनवत होता, इतकी वेळ आली होती.

"ही तरी बरोबर हाय ना, काका?" समीक्षाचे ओठ निळसर दिसत होते.

"बरोबर हाय," पोपट म्हणाला. "तुजी पण बरोबरच होती. मी खोटी चिठ्ठी बांदली."

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. राजेश पुढे आला. "काय बोलता हवालदार? पोरीचं वाटोळं करायला निगालात?"

"शिव्या मागनं दे. आदी हात दे तुजा." पोपटनं राजेशची दोन बोटं धरली आणि समीक्षाच्या मनगटावर दाबली. "मोज."

राजेश रागानंच मोजायला लागला. एक, दोन, तीन, चार. मग त्याचे ओठ हलायचे थांबले. तो मुलीकडे बघत राहिला. समीक्षा हात सोडवून घ्यायला बघत होती, "बाबा, एवढा एक राऊंड मारू द्या," असं म्हणत होती, आणि तेवढ्या बोलण्यानंही तिला धाप लागत होती. राजेशनं तिची पिशवी खांद्याला लावली आणि तिला हाताला धरून बाहेर नेलं. रायफल टेबलावरच राहिली.

माइकवर चार नंबरच्या जागेसाठी समीक्षाचं नाव तीनदा पुकारलं गेलं. पोपटनं वही उघडून बुधवारची नोंद खोडली आणि खाली लिहिलं, 'रायफल निर्दोष. चिठ्ठी खोटी होती.' सही केली. वही सेक्रेटरीपुढे ठेवली, शेडची किल्लीही ठेवली. सेक्रेटरीनं ती उचलून खिशात टाकली.

संध्याकाळी पनवेलच्या इस्पितळातून राजेशचा फोन आला. हृदयाची झडप आकसली होती, समीक्षाला अतिदक्षता विभागात ठेवलं होतं, डॉक्टर काहीच नक्की सांगत नव्हते. "तिला बोलायचंय," तो म्हणाला.

आधी तिची धापच ऐकू आली.

"काका, माझी जागा कुणाला दिली?"

"कुनाला नाय गं. रिकामीच ठेवली."

"मग ठीक हाय," ती म्हणाली, आणि फोन पुन्हा राजेशकडे गेला. पोपट फोन कानाला लावून तसाच ओट्यावर बसून राहिला. पलीकडून तिच्या हृदयाचे ठोके टिपणारं यंत्र वाजताना ऐकू येत होतं, आणि पोपट मोजत होता. चार ठोके नीट, पाचवा नाही.